लेण्यातला सिसेरोनी

ऐंशी सालाच्या आसपास मी नाशिकला कॉलेजात इंग्रजी शिकवायचो आणि घरी पाहुणे आले की त्यांना पांडवलेण्यांवर न्यायचो. तिथे एक म्हातारा लेणी दाखवायचा. अंगात खाकी कोट, गळ्यात मफलर, हातात बंद पडलेली बॅटरी. मोठ्या लेण्यात शिरला की तो आमच्याकडे पाठ करून भिंतीशी बोलायचा. एक वाक्य बोलायचा, मान कलती करून थांबायचा, मग पुढचं. आवाज घुमायचा थांबेपर्यंत वाट बघत असेल, असं मला वाटायचं. पण तिथे आवाज फारसा घुमत नसे.

एकदा मी त्याला म्हटलं, "बाबा, तुमच्यासारख्याला इंग्रजीत सिसेरोनी म्हणतात. सिसेरो म्हणून रोमचा मोठा वक्ता होता, त्याच्यावरून. त्याला मारलं आणि जिथून तो भाषणं करायचा, तिथेच त्याचं मुंडकं टांगलं."

त्याने शांतपणे विचारलं, "मग त्याचं बोलणं पुरं कुणी केलं?"

मी हसलो. "कोण करणार?"

"कराय लागतं, सर. माझ्या आधीचा हितंच बोलता बोलता पडला, तो गेलाच. अजून त्याचंच चाललंय. मी नुसतं मोठ्यानं सांगतो."

पुढच्या हिवाळ्यात म्हातारा दिसला नाही. पायथ्याच्या चहावाल्याने तो वारल्याचं सांगितलं. मग सोबत आलेल्या मेव्हण्याला मीच लेणी दाखवायला लागलो.

थोड्या वेळाने मेव्हणा म्हणाला, "दाजी, भिंतीकडे तोंड करून काय बोलताय? आणि मधेच थांबता का?"

मी त्याला हातानेच गप्प केलं. म्हाताऱ्याचं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं.