भुवया उडवणारी शेजारीण

सातव्या महिन्यात सुनेच्या अंगावरून रक्त जात होतं, आणि शेजारची फिलिपिनो नर्स नुसत्या भुवया उडवत होती.

आज दुकानात मीठ आहे का विचारलं, तर काउंटरवरच्या फिलिपिनो मुलीने तशाच भुवया उडवल्या. सौदीत मुलाकडे असतानाची, जेद्दातली ती दुपार आठवून पुन्हा डोकं फिरलं.

मुलगा ड्युटीवर होता. मी शेजारणीचं दार बडवलं. तिने येऊन अँब्युलन्सला फोन केला आणि ती सुनेला घट्ट धरून बसली.

"गाडी येते ना?" मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. भुवया वर.

"पोर वाचेल ना?" पुन्हा भुवया वर.

"अगं बये, तोंडाने बोल की!"

तर तिने ओठांचा चंबू करून दाराकडे रोखला. मला वाटलं, बाहेर हाकलतेय. "घर माझं आहे, मी हलणार नाही," म्हणत मी ठाण मांडलं.

सून कण्हत म्हणाली, "आई, ती दार उघडून ठेवा म्हणतेय. मी काम करते त्या हॉस्पिटलातल्या फिलिपिनो नर्स सगळ्या अशाच. भुवया म्हणजे हो."

तिचे दोन्ही हात सुनेला धरण्यात गुंतले होते, हे आता कळतं. तरी तोंड रिकामं होतं ना?

मी दार उघडलं. सून वाचली. नातही वाचली.