मावशींचं बोट

हदगावात आज ज्यांचे म्हणून पुढचे दात सरळ आहेत, त्यांनी त्याबद्दल डॉक्टरचे नव्हे, आमच्या शेजारच्या मावशींचे आभार मानावेत, असं खुद्द मावशींचंच मत आहे. अंगठा चोखणारं लेकरू त्यांना गल्लीच्या दुसऱ्या टोकावरून दिसतं. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी हातातल्या अक्षता बाजूला ठेवून आधी करवलीच्या तोंडातला अंगठा उपसला होता. "काढ! फावड्यावानी दात झाल्यावर भाकर खाशील का रान खांदशील?" माझ्या अंगठ्याला त्यांनी कडुलिंब वाटून लावला तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. पाडव्याला कडुलिंब समोर आला की अजून माझा हात आपोआप पाठीमागे जातो. गंमत अशी, की हा सगळा उपदेश करताना मावशींची स्वतःची तर्जनी तोंडातच असायची. भाजलेल्या तंबाखूची मिश्री त्या सकाळी लावत, दुपारी लावत, चहाच्या आधी आणि चहाच्या नंतरही लावत. त्यांना कोण बोलणार?

पण देव बघत असतो. मावशींची नात चिमी सहा वर्षांची झाली, दुधाचे दात पडू लागले, तरी अंगठा सुटेना. मावशींनी कारल्याचा रस लावला, तर पोरीने तो चाटूनपुसून खाल्ला आणि म्हणाली, "आज्जे, मीठ कमी हाय." त्या दिवशी मावशी जेवल्या नाहीत. शेवटी मी दोघींना गाडीत घालून नांदेडला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. "आत्ता सवय मोडली नाही तर नवे दात पुढे येतील, मग तारा लावाव्या लागतील," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी चिमीला विचारलं, "का गं चोखतेस?"

"आज्जी बी बोट घालून राहती की तोंडात. तिला लावा न्हं कारलं."

डॉक्टर हसले आणि म्हणाले, "आजी, तुम्हीही आ करा बघू." गालाच्या आत बॅटरी मारल्यावर मात्र त्यांचं हसू गेलं. "मिश्री आजपासून बंद. पुन्हा महिन्याने दाखवा."

परतताना अर्धापूरपर्यंत मावशींनी एकदाही तोंडात बोट घातलं नाही. मी घाबरलो, कारण असं कधी झालंच नव्हतं. मागच्या सीटवरून चिमीच म्हणाली, "आज्जे, तू बोट काढ, मी अंगठा काढते." मावशींनी कमरेची मिश्रीची डबी माझ्या हातात दिली. "फेक रं. लांब फेक, मला दिसंल असं न्हाई." पुढचे पंधरा दिवस गल्लीत कुणी त्यांच्या वाटेला गेलं नाही. दोघी एकमेकींवर डोळ्यांत तेल घालून पहारा देत होत्या, आणि चिमी रोज स्वतःच्या हाताने आजीच्या तर्जनीला कारलं चोळायची. महिन्याने डॉक्टरांनी दोघींनाही शाबासकी दिली.

जूनमध्ये चिमी आईवडिलांसोबत लातूरला राहायला गेली. तेव्हापासून रोज संध्याकाळी फोनवर एकमेकींना पाहायचं, इकडून कोरडं बोट, तिकडून कोरडा अंगठा दाखवायचा, मग बाकीच्या गप्पा. परवा चिमीने नव्या मैत्रिणीचं सांगितलं, सरळ उगवलेले नवे दात दाखवत हसली आणि घाईघाईत फोन ठेवला. बोट बघायचं विसरली. मावशी बंद फोनसमोर तर्जनी धरून बसल्या होत्या.

"मी बघितलं, मावशी. कोरडं आहे," मी म्हणालो.

"तू बघून काय करायचं रं," त्या म्हणाल्या आणि ते कोरडंच बोट त्यांनी पदराला पुसलं.