अंथरायची की पांघरायची

विश्वेश्वररावांना कापड डोळे मिटून कळतं, असं त्यांच्या ऑफिसात सगळेच सांगत. परदेशातून आलेला माल कस्टममधून सोडवून देणारं ते बेंगळुरूतलं छोटं ऑफिस, आणि कोणत्या मालाला दरपत्रकातला कोणता नंबर लागतो ते ठरवणारे हे एकटे. तेही अठ्ठावीस वर्षं. बिछान्याचा माल आला की त्यांचा एकच प्रश्न असे, ‘अंथरायची की पांघरायची?’ अंथरायची सुती चादर म्हणजे त्रेसष्ट-शून्य-दोन. आत कापूस भरून टाके घातलेलं पांघरूण म्हणजे चौऱ्याण्णव-शून्य-चार. नव्या लोकांना हे शिकवताना असा रुबाब, की जणू दरपत्रक ह्यांनीच लिहिलंय.

आणि नेमका हाच प्रश्न ते पद्मावतीला विचारायला विसरले.

पद्मावतीचं बनशंकरीत गाद्या-चादरींचं दुकान. नवरा गेल्यावर तिने ते एकटीने सांभाळलं होतं. दोघांची मराठी घराणी तीनेकशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इथे आलेली, त्यामुळे घरोबा जुना. लहानपणापासून ती त्यांना अण्णाच म्हणायची. पहिल्यांदाच व्हिएतनामहून माल मागवला तेव्हा तिने फोन केला, “अण्णा, सुती चादरी आहेत. सँपल पाठवलंय, स्वल्प बघा.”

आता ह्या घरांमध्ये चादर म्हणजे पांघरायची. अंथरतात तो पलंगपोस. विश्वेश्वररावांच्या घरीही तसंच. पण फोन ऑफिसात आला होता, कान ऑफिसचा होता, आणि तिथल्या हिंदीत चादर म्हणजे बेडशीट. सँपलचं पाकीट आलं ते त्यांनी खणात टाकलं. फोडून बघायला दोन मिनिटं लागली असती. पण चादरीत काय बघायचंय, ही ऐट! कागदांवर त्यांनी सरळ त्रेसष्ट-शून्य-दोन भरलं.

तपासणीत त्या चादरींमधून कापूस निघाला. माल अडकला आणि खोटं वर्णन दिल्याची नोटीस पद्मावतीच्या नावाने निघाली. एकदा हा डाग लागला की पुढचा प्रत्येक माल संशयाने उघडतात. ती धावतच ऑफिसात आली.

“अण्णा, सँपल पोचलंच नाही का?”

“नाही,” विश्वेश्वरराव म्हणाले. त्यांचा गुडघा खणाला टेकलेला होता.

“मग चूक माझीच हो. मी घरातलं नाव सांगितलं, तुम्ही तरी काय करणार? सुनावणीत मी तसंच सांगते. तुमच्यावर काही येऊ देणार नाही.” वर डब्यातून आणलेली चिरोटी त्यांच्या टेबलावर ठेवून ती गेली.

ती चिरोटी त्यांनी तशीच राहू दिली. तिने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. निवृत्तीला दोन वर्षं होती; खरं सांगितलं तर कस्टममध्ये काम करायच्या परवान्याचं कार्ड जाणार, नावही जाणार. गप्प बसलं तर काहीच जाणार नव्हतं. रविवारी दुपारी ते आडवे झाले तेव्हा बायको म्हणाली, “चादर घ्या की अंगावर,” आणि ते उठूनच बसले. त्यांना स्वतःची लाज वाटली, भयंकर लाज वाटली.

सुनावणीला पद्मावती अधिकाऱ्याला कन्नडमध्ये सांगू लागली, ह्यांचा काही दोष नाही सर, सँपल ह्यांना मिळालंच नव्हतं. विश्वेश्वररावांनी पिशवीतून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. ते तसंच बंद होतं. त्यावर त्यांच्याच ऑफिसचा शिक्का होता, कागद भरले त्याच्या नऊ दिवस आधीचा.

अधिकाऱ्याने ते फोडलं. वीतभर पांघरुणाचा तुकडा निघाला आणि त्याला टाचलेली मराठी चिठ्ठी. “काय लिहिलंय?” त्याने विचारलं. ती विश्वेश्वररावांनाच मोठ्याने वाचावी लागली.

“अण्णा, आत पातळ कापूस आहे.”

पद्मावतीवरचा आरोप मागे घेण्याचं बघू, असं अधिकारी म्हणाला. विश्वेश्वररावांनी मात्र कार्डाबाबत लेखी खुलासा द्यायचा होता. त्यांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. ते बाहेर आले तेव्हा पद्मावती जिन्यापाशी थांबली होती.

“पोचलं होतं?”

“पोचलं होतं.”

तिने मान हलवली, पर्स खांद्याला अडकवली.

“सरी, ठीक आहे,” ती म्हणाली. “येते मी, विश्वेश्वरराव.”