न दचकता पाहिलेला सिनेमा

आमच्या घरात देवाधर्मावरून कधी वाद झाला नाही. राजकारणावरून झाला तोही जेवण उरकेपर्यंतच टिकला. एका परदेशी गुप्तहेराच्या सिनेमांवरून मात्र बाबांचं आणि माझं मी शाळेत असल्यापासून वाजतंय. ही मालिका बाबांच्या तरुणपणी सुरू झाली आणि अजून संपलेली नाही. नायक म्हातारा झाला की त्याच्या जागी नवा नट आणतात, नाव तेच ठेवतात आणि पुढे चालू. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना यात काही गैर वाटत नाही. खुर्ची महत्त्वाची, माणसं बदलतातच, असं त्यांचं म्हणणं.

नायकांना आम्ही आमची नावं ठेवली आहेत. पहिला तो थोरला. त्याच्यानंतरचा हसरा, जो विमानातून पडतानाही केसांचा भांग मोडू देत नाही. आणि हल्लीचा तो सुतकी, कारण प्रत्येक सिनेमात त्याचं कुणीतरी जातं आणि उरलेला सिनेमाभर तो दाढी न करता हिंडतो. सुतकी माझा लाडका. त्याला लागतं, तो चुकतो, गेलेली माणसं त्याला आठवतात. बाबा हसऱ्याचे. हसऱ्याचा बर्फाच्या कारखान्यातला सिनेमा सगळ्यांत वर, आणि सुतकीचे सगळे मिळून त्याच्या खाली, हा त्यांचा निकाल. "रडायला घरी जागा आहे. तिकीट काढून कशाला?" असं म्हणून ते विषय मिटवतात आणि मी तो पुन्हा उकरून काढतो.

काही वर्षांपूर्वी बाबांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांना आजार झाला. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. चष्म्याच्या काचेला मधोमध तुपाचं बोट लागावं तसं, असं ते सांगतात. "नायकाचं तोंड सोडून बाकी सगळं दिसतं. फार नुकसान नाही," हेही त्यांचंच. तेव्हापासून आम्ही हिंदीत डब केलेला दुपारचा खेळ बघतो. बोललेलं त्यांना समजतं आणि पडद्यावर घडणारं मी त्यांच्या कानाशी कुजबुजतो. शेवटची रांग, कोपऱ्यातल्या खुर्च्या, आणि माझं मनगट त्यांच्या हातात. मी काही फार चांगला सांगणारा नाही. "कोणीतरी आलं. बाई आहे. नाही, पुरुषच. हातात काय आहे त्याच्या, अरे बाप रे," असं माझं चालतं. बाबांना त्यात कधी काही कमी वाटलेलं दिसलं नाही.

यंदा सुतकीचा नवा सिनेमा आला. रविवारची आमची तिकिटं काढून झाली होती. हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसने शुक्रवारीच सगळ्या टीमसाठी खेळ ठेवला. घरी ठरलंय, असं सांगून मला टाळता आलं असतं. टाळलं नाही. खरं सांगायचं तर मला एकदा तो सिनेमा तोंड बंद ठेवून बघायचा होता. कुणाला काही न सांगता, आपला आपण, हात मोकळे ठेवून. आणि तसा बघताना मला फार सुख झालं, हेच मला अजून लागून राहिलंय. घरी यायला उशीर झाला तेव्हा मी कंपनीच्या बसवर आणि ट्रॅफिकवर ढकलून दिलं. हिंजवडीहून पुण्याच्या पार दुसऱ्या टोकाला, विश्रांतवाडीत राहणाऱ्या माणसाला ही थाप पुराव्याशिवाय पचते.

सिनेमा उत्तम होता. माझ्या मते मालिकेतला सर्वांत चांगला. यात सुतकीला मार लागतो, पण शेवटी एका रिकाम्या फलाटावर तो चक्क हसतो. हसऱ्यासारखा नाही, थकलेल्या माणसाने घरी पोचल्यावर हसावं तसा. बाबांचं आणि माझं भांडण मिटवायलाच कुणीतरी हा सिनेमा काढलाय असं मला वाटलं.

रविवारी मी बाबांच्या शेजारी बसलो आणि माझी वाक्यं सरळ, पुरी, न अडखळता बाहेर पडू लागली. "तो पुलाकडे वळतोय. कठडा तुटलाय. गाडी खाली जाणार," मी म्हणालो, आणि मग गाडी पडल्याचा आवाज आला. मी जीभ चावली. पुढे मुद्दाम थांबून थांबून सांगू लागलो, एकदा पुरुषाला बाईही म्हणालो. लिफ्टच्या प्रसंगाला शुक्रवारी आमचं अख्खं ऑफिस किंचाळलं होतं. रविवारी त्याही प्रसंगाला माझं मनगट बाबांच्या हातात निवांत पडून होतं.

मध्यंतरात चहा घेताना बाबा म्हणाले, "आज छान सांगतोयस. तालीम करून आलास की काय?" मी हसून वेळ मारून नेली.

परतताना रिक्षात त्यांनी सरळच विचारलं. "आधी पाहिला होतास का रे?"

आवाजात राग नव्हता. हो म्हटलं असतं तर "बरं" म्हणून ते गप्प बसले असते, आणि त्या "बरं"लाच मी घाबरलो. "नाही," मी म्हणालो.

"मग सिनेमाच पडेल आहे," बाबा म्हणाले. "तुझं मनगट एकदा म्हणून हललं नाही. मला काय दिसतं तुला माहीतच आहे. तू दचकलास की मी दचकतो." आणि त्यांनी तो सिनेमा सगळ्यांच्या खाली टाकला. हसऱ्याचं पोट सुटल्यानंतरच्या त्या सिनेमाच्याही खाली, जो आम्हा दोघांनाही सहन होत नाही.

"शेवटी तो हसला ते तरी चांगलं होतं ना?" मी म्हटलं.

"हसला, असं तू सांगितलंस. बातम्या दिल्यासारखं."

एरवी मी घर येईपर्यंत भांडलो असतो. पण सिनेमाची बाजू घ्यायची तर आधी स्वतःची सोडावी लागणार होती. मी रिक्षावाल्याला वळण दाखवलं. स्वतःची इतकी लाज मला क्वचितच वाटली असेल.

संध्याकाळी बाबांच्या खात्यातल्या जुन्या मित्राचा फोन आला. बाबा फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे स्वयंपाकघरात चहा गाळताना मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं. काका विचारत होते, उद्या जाऊ का बघायला?

"नको जाऊस. आमचा मुलगा एकदाही दचकला नाही."

"अरे, पेपरात तर चांगलं लिहिलंय. त्याने आधी बघितला असेल, म्हणून थंड बसला असेल."

"छे," बाबा म्हणाले. "मी विचारलं ना त्याला. नाही म्हणाला."