माशाची फिरकी

१९९५ साली माझं वय एकोणसाठ होतं, आणि तोवर माझी अशी समजूत होती की कोल्हापुरातले सगळे वेडे माझ्या ओळखीचे आहेत. त्या वर्षी आमचे भांडीवाले शेठ भेटले आणि कळलं, अजून पुष्कळ बघायचं राहिलंय. मासे धरायला तळ्यावर जाणारी माणसं पायलीला पन्नास मिळतात. मी स्वतः त्यांतलाच. पण मासे न धरायला तळ्यावर जाणारा, तेही नेमानं, ऊनपाऊस न बघता, आणि त्यासाठी लागणारं सामान स्वतःच्या हातानं घडवणारा माणूस अख्ख्या करवीर तालुक्यात एकच झाला. तो जन्माला यायला कुणाची पुण्याई लागली ते मला ठाऊक नाही. त्याला सांभाळायला मात्र माझी लागली.

महाद्वार रोडच्या मागच्या बोळात त्यांचं स्टील-पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं आणि दुकानामागंच घर. गळ्यात लिंग, कपाळाला विभूतीचे पट्टे, आणि सोवळं असं की शेजारच्या अंड्याचं टरफल वाऱ्यानं दारात आलं तरी वहिनी परत सडा घालायच्या. माझा उद्यमनगरात एक जुना लेथ होता. मी तिसरीपर्यंत शिकलो. पुढं शाळेकडं मला शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं. एके दिवशी हे शेठ लेथवर आले आणि तळहातावर एक चीज ठेवून म्हणाले, "मिस्त्री, ह्याला भोक हाय तसलं भोक मला पाडून पायजे." बघतो तर पाण्यात फिरून मासे भुलवायची परदेशी चकती. बारीक तारेत ओवलेलं चमच्यासारखं पान, खाली मणी, आणि शेवटाला गंजलेला तिहेरी गळ. कुठल्या तरी मोठ्या घरातनं जुनी भांडी मोडीत आली होती, त्यात ती निघाली म्हणे. शेठनी तिच्यावर फुंकर मारली. पान गर्रकन फिरलं. ते फिरलं आणि शेठ त्याच्या मागं फिरले, ते कायमचेच. त्यांनी तिचं नाव ठेवलं फिरकी.

मी म्हटलं, "शेठ, तुमी तर माळकऱ्याच्या वरचं. तुमाला ही कशाला?"

"मला मासा नगो," ते म्हणाले. "मासा हिच्या मागं येतो का न्हाय, तेवढंच बघायचं हाय. आपुन त्याची फिरकी घ्यायची, मिस्त्री. जीव न्हाय घ्यायचा."

म्हणून त्यांच्या फिरकीला गळच नसायचा. गळाच्या जागी बेंदराला बैलाच्या शिंगाला बांधतात तसला लाल लोकरीचा गोंडा. दोरीनं बांधलेला साप आणि दात काढलेला वाघ मी बघितलाय, पण गळ काढलेला गळ मी पहिल्यांदाच बघितला.

पुढं दुकानाची जी अवस्था झाली ती सांगण्यासारखी आहे. गल्ल्याच्या शेजारी एक पितळी घंगाळ पाण्यानं भरून ठेवलेलं असायचं, आणि शेठ त्यात दोरी धरून फिरकी गोल गोल ओढत बसायचे. गिऱ्हाईक उभं. एकदा मुरगूडकडचे एक पाटील पोरीच्या रुखवताची भांडी घ्यायला आले. शेठचं डोकं घंगाळात. पाटलांनी विचारलं, "काय करताय ओ?" शेठ वर न बघता म्हणाले, "फिरकी घेतोय." पाटील म्हणाले, "कुणाची?" "अजून कोण गावलं न्हाय," शेठ म्हणाले. पाटील उठले आणि समोरच्या दुकानात जाऊन हंड्यापासून उलथन्यापर्यंत सगळा संसार घेऊन गेले. वहिनी आतनं म्हणाल्या, "गावला एक, आन् गेलाबी."

कुठंही गेले तरी त्यांचं लक्ष वस्तूच्या बाकाकडं. बाक म्हणजे पत्र्याचं वळण. बाक जास्त झाला तर फिरकी भोवळ आल्यासारखी फिरते, कमी झाला तर नुसती लोळते, असं त्यांचं शास्त्र. आमच्या थोरल्याच्या लग्नात वाढप्याच्या हातातली आमटीची पळी यांनी काढून घेतली, पालथी केली, डोळ्याजवळ नेली, आणि सगळी पंगत कोरडा भात घेऊन बसली असताना मला लांबनं ओरडून सांगितलं, "मिस्त्री, बाक बघा की." आमच्या मंडळींनी त्या दिवसापासून ते घरी आले की कुंकवाच्या करंड्याचं झाकण लपवायला सुरुवात केली.

फिरकीला पत्रा लागायचा तो त्यांना फुकट मिळायचा, त्याचीही एक गंमत आहे. भांड्यावर नाव घालायचं मशीन ते स्वतः चालवायचे. हातात मशीन आणि मनात तळं. मग "मुरलीधर" घालायच्या ठिकाणी ताटावर "मरळीधर" उमटायचं. मरळ म्हणजे आमच्याकडचा दांडगा, दातांचा मासा, ध्यानीमनी तोच. चुकलेलं ताट विकायचं कुणाला? मग कात्रीनं त्याची पानं कापायची, लाकडी हातोडीनं ठोकून बाक द्यायचा, आणि माझ्याकडं भोकाला आणायचं. त्यामुळं त्यांच्या फिरक्यांवर अक्षरं असायची. एकीवर नुसतं "चि. सौ.", एकीवर "मामा यांज". सगळ्यांत लाडकी होती तिच्यावर "सप्रेम भेट" एवढंच शिल्लक होतं. मी म्हणायचो, "शेठ, मासा काय वाचून येणार हाय व्हय?" ते म्हणायचे, "आला तर वाईट दिसायला नगो."

सकाळी माझ्या लुनावर मागं बसून आम्ही कळंब्याच्या तळ्याला जायचो. मी गांडूळ लावून गळ टाकायचो. ते पावडरीच्या डब्याला गुंडाळलेली नायलॉनची दोरी सोडायचे, फिरकी गरगर फिरवून लांब फेकायचे आणि डब्यावर दोरी गुंडाळत तिला ओढत आणायचे. माझं मत पहिल्या दिवसापासून पक्कं होतं आणि मी ते कुणालाही सांगायला तयार होतो. मासा वासाला येतो, खायला येतो. भांडं बघून भुलायला तो काय लग्नघरचा पावणा आहे? शेठ वाद घालत नसत. "बाक चुकलाय," एवढंच म्हणायचे. चार वर्षं बाक चुकत होता. येताना माझ्या हातात मरळ आणि त्यांच्या हातात डबा. बघणाऱ्यानं काय समजायचं ते तो समजायचा.

ते समजणं शेवटी कुरुंदवाडला पोचलं, आणि तिथं फार वाईट वेळेला पोचलं. शेठच्या थोरल्या मुलीला कुरुंदवाडचं स्थळ आलं होतं. घर तोलामोलाचं, कापडाचं दुकान, पोरगा शहाणा. मुलीच्या मनात भरलं होतं, हे तिच्या न बोलण्यावरनं सगळ्या बोळाला कळलं होतं. आणि तिकडं कुणी तरी सांगितलं, पोरीचा बाप तळ्यावर मासं धरतो. शैवाच्या घरात याच्यापुढं बोलणंच खुंटलं. पोरगी लेथवर येऊन मला म्हणाली, "काका, तुमचंच ऐकतात. सोयरीक हुईपर्यंत तेवढा डबा माळ्यावर ठेवायला सांगा." मी सांगितलं. शेठनी लगेच ठेवला. आठवडाभर ते दुकानात असे बसले होते की गिऱ्हाईकाला वाटावं दुकानच यांना मोडीत काढायचंय.

आणि एका दुपारी पोराचे आजोबा, न कळवता, एस.टी.नं आले. पांढरं धोतर, कपाळभर विभूती, तोंडावर माशी बसायला धजणार नाही असा चेहरा. सगळे त्यांना अज्जा म्हणायचे. मी भोकं पाडलेली पानं द्यायला आलो होतो, ती तशीच खिशात घातली आणि बाकड्यावर बसून राहिलो.

"तुमी मासं धरता म्हणं," अज्जा म्हणाले.

"न्हाय," शेठ म्हणाले.

"तळ्यावर जाता की."

"जातो."

"दोरी टाकता."

"टाकतो."

"मग?"

"धरत न्हाय."

पोरगी आतल्या दारात उभी होती. तिनं बापाकडं बघून नकाराची मान हलवली. शेठनी ते बघितलं. बघून त्यांनी स्टूल ओढलं, माळ्यावरचा डबा काढला आणि "सप्रेम भेट"वाली फिरकी अज्जांच्या हातात ठेवली.

"ह्यात गळ कुठं हाय तो दावा."

अज्जांनी उलटीपालटी केली. "न्हाय. मग ही काय?"

"फिरकी."

"कशाला?"

"माशाची घ्यायला."

अज्जांनी चष्म्याच्या वरनं बघितलं. "आमची घेताय न्हवं?"

आता मी गप्प बसणारा माणूस नव्हे. म्हटलं, "अज्जा, चार वर्सं मी संगं जातोय. मासा तर सोडाच, ह्या चमच्याला शेवाळसुदिक लागलं न्हाय." मी बोललो पोरीच्या भल्यासाठी, पण शेठनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी भर पेठेत त्यांची पगडी उडवली.

अज्जा उठले. "चला. तळ्यावर दावा. मासा भायेर आला तर सोयरीक न्हाय. सरळ बोलतो."

आम्ही तिघं रिक्षात बसलो. शेठ माझ्या कानाशी लागून म्हणाले, "मिस्त्री, आज लागायला नगो." चार वर्षं ज्या गोष्टीसाठी माणूस झुरला तीच आज होऊ नये म्हणून तो घाम पुसत होता.

"चार वर्सं लागला न्हाय, आज बरा लागंल," मी म्हटलं.

"मागच्या आठवड्यात हिचा बाक बदललाय."

"मग दुसरी टाका की."

"त्यांनी हातात घेऊन बघितली ती हीच. दुसरी टाकली तर फसवणूक हुईल."

माशाला फसवायला चार वर्षं घालवलेला माणूस हे बोलत होता. मी बाहेर बघत बसलो.

कळंब्याला शेठनी पहिली फेक टाकली. काही नाही. दुसरी टाकली. काही नाही. मी अज्जांना म्हटलं, "बगा, मी बोललो न्हवतो?" अज्जा म्हणाले, "अजून एकदा." तिसरी फेक काठाजवळच्या गवताकडं गेली. दोन हात दोरी गुंडाळली असेल नसेल, पाणी फुगलं आणि डबा शेठच्या हातातनं सुटता सुटता राहिला.

सोडून द्या, म्हणून मी ओरडलो. शेठना ऐकायलाच येत नव्हतं. ते दोरी ओढत होते, धोतर गुडघ्याएवढ्या पाण्यात, आणि तोंडानं लहान पोरासारखं "आली, आली" चाललं होतं. कुरुंदवाड, सोयरीक, अज्जा, सगळं त्या पाण्यात बुडालं होतं. हाताएवढी मरळ चिखलात येऊन पडली. गोंड्याची लोकर तिच्या दातात अडकली होती. ती मरळ लाल गोंड्याला आली, चमच्याला नव्हे, हे माझं मत मी आजही सोडलेलं नाही.

मग शेठना भान आलं. जन्मात माशाला बोट न लावलेला माणूस. त्यांनी तिच्याकडं बघितलं, अज्जांकडं बघितलं, आणि खाली बसून लोकरीचा एकेक धागा सोडवायला लागले. मी पुढं झालो तर अज्जांनी काठी आडवी धरली. "त्येंनाच करू द्या." शेवटचा धागा सुटला, मरळीनं शेपूट मारली, शेठच्या तोंडावर चिखल उडवला आणि ती पाण्यात गेली.

अज्जा काठी टेकत चिखलापर्यंत आले आणि वाकून बघू लागले.

"रगत?" अज्जांनी विचारलं.

"न्हाय," शेठ म्हणाले.

"जित्ती गेली?"

"गेली की."

अज्जांनी फिरकी उचलली, धोतरानं पुसली, डोळ्याजवळ धरून अक्षरं वाचली, आणि त्यांचं पोट हलायला लागलं. ते हसताहेत हे कळायलाच आम्हाला वेळ लागला. "सप्रेम भेट," ते म्हणाले, "आन् भेट परत." मग डबा स्वतःच्या हातात घेऊन म्हणाले, "कसं टाकायचं?" पुढचा अर्धा तास आमच्या कुरुंदवाडच्या पाहुण्यांनी फेकी टाकल्या. त्यांना काही लागलं नाही. शेठ मागं उभे राहून "जरा हळू ओढा, अज्जा" म्हणत होते.

परतताना रिक्षात अज्जा म्हणाले, "पोरगी आमची झाली. मासा भायेर आला खरा, पर जित्ता परत गेला. मला पटलं. पण आमच्या भावकीत पन्नास तोंडं हायत. एकेकाला तळ्यावर आणून दावायला माझं वय न्हाय ऱ्हायलं. तवा हे आता बंद करा."

मला वाटलं शेठ काही तरी बोलतील. मरळ येऊन पुरता तासही झाला नव्हता. चार वर्षांचा बाक आज जमला होता. त्यांच्या पायावरचा चिखल वाळायचा होता. ते म्हणाले, "बरं." एवढंच. आणि मांडीवरचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. घरी गेल्यावर पोरीनं त्यांच्या तोंडाकडं बघितलं, चिखल बघितला, आणि ती रडायच्या बेतात आली, तेव्हा ते हसून म्हणाले, "जमलं गं बाई." काय जमलं ते तिनं तिच्या परीनं समजून घेतलं. ते दुसरंही जमलं होतं, हे फक्त मला कळलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे सवयीनं लुना त्यांच्या बोळात वळली. शेठ अंघोळ करून, विभूती लावून, रिकाम्या हातानं दारात उभे होते. मीही गळ घरीच ठेवून आलो होतो. मी म्हटलं, "बसा." ते मागं बसले. कळंब्याचा रस्ता सोडून मी गाडी गंगावेशीकडं घेतली. तिथं समोर म्हशीची धार काढून दूध देतात. आम्ही कट्ट्यावर उभं राहून फेसासकट दोन दोन ग्लास दूध प्यालो. नंतर त्यांना दुकानापाशी सोडलं आणि ते शटर वर सरकवेपर्यंत मी लुना चालू ठेवून थांबलो.