बाबांचा अंदाज आणि अष्टमीचा दिवा

देवी पाठीशी आहे, असं मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आले; पण त्या नवरात्रात माझाच विश्वास डळमळला. आमची मिनू पुरीला शाळेत शिकवत होती आणि बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला होता. आमचे हे हवामान खात्यातून निवृत्त झालेले. आमचं रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, चौबे कॉलोनीत मोठमोठी माणसं राहायला आली, तरी मंडप घालायचा असो की पापड वाळवायचे असोत, सगळे यांनाच विचारायला येत. घरात मात्र आम्ही मायलेकींनी वेगळीच रीत पाडली होती. यांनी ऊन म्हटलं की छत्री घ्यायची. हे चिडत आणि आम्ही तोंडाला पदर लावून हसत असू.

सप्तमीला सकाळी मिनूचा फोन आला. खात्याने सावधगिरीचा इशारा दिला होता, पण हे आपल्या अनुभवावर अडून बसले. "काही नाही होत बेटा. किनाऱ्यावर येता येता विरून जाईन ते. आरामात ये दसऱ्याले," म्हणाले. संध्याकाळच्या बातम्यांत त्या पट्ट्याचं चक्रीवादळ झालं होतं आणि अष्टमीच्या सकाळी तर ते अतितीव्र म्हणून सांगू लागले. त्याची वाट पुरीचीच होती. गाड्या रद्द झाल्या, मिनूचा फोन बंद.

हे खुर्चीत बसले ते उठेचनात. "वादळ कुठं जाईन ते बरंचसं सांगता येते," मला म्हणाले, "पण गरम पाण्यावर ते एका रात्रीत किती जोर धरन, ते सांगणं लई कठीण. मले माहीत होतं हे. मग काहून तसं बोललो मी?" मला रागही आला होता आणि त्यांची दयाही येत होती.

दुपारी रायपुरातही वारा सुटला, वीज गेली. नवरात्रात घटाजवळचा दिवा नऊ दिवस विझू द्यायचा नाही, ही आमच्या घरची रीत. मी तेल घालायला धावले, तर हे आधीच तिथे बसलेले. उभ्या जन्मात ज्यांनी घटाला धड नमस्कार केला नाही, ते दोन्ही हातांचा आडोसा करून ज्योत सांभाळत होते. "जन्मभर वारा मोजला, अडवता कधी आला नाही," एवढंच बोलले. मी शेजारी बसले. एरवी देवीपुढे माझी मागण्यांची यादी मोठी असते. त्या दिवशी म्हटलं, आई, माझ्या लेकीला सांभाळ. कसं ते तूच ठरव. आणि खरं सांगते, मन हलकं झालं.

दिवेलागणीला फाटकापाशी बस थांबली आणि मिनू उतरली! हे अनवाणीच धावले. "अवं, तू निघाली कधी?"

"कल ही, पापा! आपने बोला कुछ नहीं होगा, तो मैंने तुरंत बैग पैक कर लिया."

हे रडता रडता हसू लागले. बस फाटकाशी उभी असतानाच मिनूने भराभर सगळं सांगितलं. पुरी स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती, फोनची बॅटरी संपलेली. ती पायऱ्यांवर रडकुंडीला येऊन बसली होती. मी साडी घालून दिलेली, रायपूरच्या पंडरी बाजारातल्या दुकानाची पिशवी तिच्या मांडीवर होती. ती पाहून लाल साडीतली एक बाई थांबली. "रइपुर के हस का बेटी? आ जा, हमन घलो उहें जावत हन." तीही रायपूरलाच निघाली होती. आमच्या शहरातल्याच गुढियारीहून दर्शनाला आलेल्या लोकांची बस लवकर परत निघाली होती आणि तिच्यात नेमकी एक जागा रिकामी होती. वाटेत वादळामुळे कुणाच्याच फोनला रेंज नव्हती.

लाल साडीतली ती बाई बसमध्येच होती; अष्टमीची सवाष्ण दारात आलेली. मी तांदूळ, नारळ, खण घेऊन ओटी भरायला धावले, तोवर बस वळली होती. खिडकीतून जोडलेले दोन हात तेवढे दिसले. मिनूला तिचं नावही ठाऊक नव्हतं. ती ओटी मी घटापुढे ठेवली.

मिनूच्या शाळेतली मंडळीही निवाऱ्यात सुखरूप राहिली, असं पुढे कळलं. हा चमत्कार की योगायोग, या वादात मी पडत नाही. हे अजून लोकांना अंदाज सांगतात, पण खात्याचा इशारा आला की आधी सामान बांधायला लावतात. आणि नवरात्रात दिव्यात तेल घालायचं काम आता त्यांचं आहे. मी हात लावला तरी रागावतात.