हर्षलाच्या चार्टवरची दोन वाजताची नोंद

हर्षला तांडेलला मी बरीच वर्षं एजंट समजत होते.

नर्सा परदेशी पाठवणारी, कमिशन खाणारी एजंट. वॉर्डात चारचौघींना तसं सांगितलंही होतं. आज तिला जाऊन महिना झाला, म्हणून खरं काय ते लिहिते.

आम्ही नर्सिंगला एका बॅचच्या. ती इथल्याच मुरबे गावची, कोळ्याची मुलगी. मी साताऱ्याची, नवऱ्याच्या तारापूरच्या नोकरीमुळे बोईसरला आलेली. मी इथेच वॉर्डात राहिले. ती बाहेर गेली, तिथे ड्यूट्या केल्या, मग पीएचडी केली आणि मोठमोठ्या देशांच्या मीटिंगांत बसायला लागली.

तिथे करतेस तरी काय, असं मी एकदा विचारलं.

"श्रीमंत देश आपल्या नर्सा नेतात ना, त्यांना मी इचारते. जिला तुमी नेली, तिच्या जागेवर आता कोण उभी हाय?"

एवढंच विचारायचा पगार कोण देतं? मला काही ते पटलं नाही.

मग एकदा ती कसल्याशा अभ्यासाचे फॉर्म घेऊन आमच्याच हॉस्पिटलात आली.

फॉर्मवर मुख्य प्रश्न एकच होता. आजच्या ड्यूटीत कोणतं काम करायचं राहून गेलं?

सोबत प्रत्येकीला आईने वाळवलेल्या कोलंबीच्या सोड्यांची पुडी. आता कोळणीची मुलगी सोडे फुकट वाटते म्हटल्यावर माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आज राहिलेलं काम लिहून द्यायचं आणि उद्या मेट्रनचा मेमो घ्यायचा, एवढ्या काही आम्ही भोळ्या नव्हतो.

मी इन्चार्ज. सगळ्यांना सांगितलं, 'काहीही राहिले नाही' असं लिहा. सगळ्यांनी तेच लिहिलं.

आठवड्याने ती गठ्ठा घेऊन परत आली. ड्यूटी रूममध्ये बसून चहा प्यायली. आवाज चढवला नाही.

"सुनंदा, कोणाचंच काय राहत नाय, तर तुमच्या पोरी दुपारचा डबा पाच वाजता का खातात?"

मी म्हटलं, सवय आहे.

तीही पूर्वी असंच लिहायची म्हणाली. पुन्हा भरा, खरं भरा, त्याच्याच जोरावर जास्त नर्सा मागता येतील, असं तिने दोनदा समजावलं. मी ऐकलं नाही. तिने आमचे फॉर्म अभ्यासातून काढून टाकले. खोटं छापणार नाही म्हणाली.

पुढे तिच्या अहवालावरून दुसऱ्या एका हॉस्पिटलात नवीन नर्सा आल्या. आमच्याकडे एकही नाही.

हर्षलाने डूख धरला, असं मी सगळीकडे सांगत फिरले. आमच्याकडे नर्सा का आल्या नाहीत हे मला पक्कं माहीत होतं, तरी.

मग ती आजारी पडली. कॅन्सर, मणक्यापर्यंत गेलेला. मुंबईच्या डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा तिने आमचा वॉर्ड मागून घेतला. तिचा भाऊ म्हणाला, मुरबे जवळ आहे, घरचा डबा आणायला बरं पडतं.

मला वाटलं, ही झोपल्या झोपल्या आम्हाला तपासायला आली.

तिला स्वतःहून वळता येत नव्हतं. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची आणि चार्टवर वेळ टाकून सही करायची.

त्या दुपारी दीड वाजता कुंभवलीच्या बाजूने केमिकलने भाजलेले दोन कामगार आले. बाहेर नातेवाईकांची गर्दी, "सिस्टर, कुछ तो बताओ" चालू. वॉर्डात आम्ही दोघीच. तिसरी गल्फला गेली होती आणि तिची जागा कोणी भरलीच नव्हती.

हर्षलापाशी पोचले तेव्हा साडेपाच वाजले होते.

तिला कुशीवर केलं. पाठ लालभडक झाली होती. पावडर लावली, चादर सारखी केली. मग पेन काढलं आणि सवयीने लिहून टाकलं. दोन वाजता कूस बदलली. चार वाजता कूस बदलली. खाली सही.

ती बघत होती.

"दोनचं पण लिवलंस?"

"लिहिलं."

"बरं," म्हणाली आणि डोळे मिटले.

दोन दिवसांनी ती गेली.

त्या 'बरं'ने महिनाभर माझी झोप उडवली आहे. माफ केलं तिने, की माझा हाही कागद खोट्यात टाकला? मला अजून कळत नाही. आणि फार लाज वाटते.

पालघरला नाक्यावर तिच्या श्रद्धांजलीचा बॅनर लागलाय. खाली हात जोडलेल्या फोटोंपैकी एकाने तरी तिचा अहवाल उघडला असेल का, याची मला शंका आहे. पण मी कोणत्या तोंडाने बोलू? मी तर तिच्या त्या एका प्रश्नाचंही उत्तर खरं दिलं नाही.

तर आज देते. मेमो आला तर येऊ दे.

त्या दिवशी दोन वाजता हर्षला तांडेलची कूस बदलायची राहिली.

चार वाजताही राहिली.

चार्टवरची सही माझी आहे आणि नोंद खोटी आहे. वॉर्डात आम्ही दोघीच होतो.

हर्षला, तुला माझी श्रद्धांजली ही एवढीच.

— सुनंदा जाधव, इन्चार्ज सिस्टर